दोन टोकांच्या रेघा

९ सप्टेंबर १९५७

प्रयोगवहीत फक्त आकडे लिहायचे असतात. तारीख, काचपट्टीचा नंबर, रेघेची लांबी, मोजणाऱ्याची सही. बाकीचं लिहायला तिथे जागा नाही, असूही नये. म्हणून ही दुसरी वही.

आज चहाच्या वेळी माझ्याबरोबर मोजणाऱ्या नोरानं भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, ही अक्षरं कसली. तीन दिवस धुकं आहे, भिंतीनं ओल धरलीय आणि पिवळसर रंगाखालून काळे चौकोन वर आलेत. त्यांत अक्षरं. जे, के, एल, एम, एकाखाली एक. मी म्हटलं, कुणास ठाऊक, युद्धात इथे बॉम्बफेकी विमानांचा तळ होता म्हणतात. नोरा वीस वर्षांची आहे. तिनं खांदे उडवले आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

मला ठाऊक आहे. युद्धात ही खोली म्हणजे तळाचा मनोरा होता, एकेक अक्षर म्हणजे एकेक विमान, आणि त्यांच्यापुढच्या वेळा मीच रोज भरत होते. विमान सुटलं की अक्षरापुढे खडूनं वेळ लिहायची आणि पुढचा चौकोन मोकळा ठेवायचा. परत उतरलं की त्यात दुसरी वेळ. सकाळी सातपर्यंत जो चौकोन मोकळा राहिला तो राहिलाच.

ब्रिस्टलला आठ वर्षं मी काचपट्ट्यांवरच्या रेघा मोजल्या. या नोकरीच्या जाहिरातीत एवढंच होतं की लिंकनशायरमधला जुना विमानतळ. असे चाळीस तरी असतील. हाच निघेल असं मला वाटलं नव्हतं.

२२ सप्टेंबर, रविवार

मिसेस थर्ल्बींकडे राहायला येऊन आज महिना झाला. प्रयोगशाळेच्या कचेरीनं सहा घरांची यादी दिली होती. त्यात हे नाव तिसरं होतं. पहिली दोन घरं मी पाहिली नाहीत.

खोली त्यांच्या मुलाची. रेग. 'के' अक्षराच्या विमानात तो नकाशा बघून मार्ग सांगायचा. मार्च चव्वेचाळीसमध्ये गेला. माझी त्याच्याशी तोंडओळख होती, एवढंच. तळावर दर शनिवारी नाच असायचा, तिथे सगळेच सगळ्यांना ओळखायचे. त्याच्या डाव्या हातमोज्याचा अंगठा हिरव्या लोकरीनं रफू केलेला होता. खोलीतलं त्याचं सामान बाईंनी हलवलेलं नाही, फक्त कपाटाचा एक कप्पा माझ्यासाठी रिकामा केलाय.

मी ब्रिस्टलची, असं मी त्यांना सांगितलंय. ते खोटं नाही. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कशा? त्यांनी मला एकदाच पाहिलं, फाटकाशी, मिनिटभर, आणि तेव्हा माझ्या अंगावर गणवेश होता.

बाई माझ्या ताटलीत पावाच्या कडाच ठेवतात. मला कडा आवडतात हे मी त्यांना कधी सांगितलं आठवत नाही. बोलता बोलता बोलले असेन.

११ ऑक्टोबर

रशियानं सोडलेला कृत्रिम चंद्र आठवडाभर आपल्या डोक्यावरून फिरतोय. दुकानात, बसमध्ये, सगळीकडे तेच. मंत्रालयातून दोन माणसं आली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. लाइल यांनी त्यांना जुन्या हँगरमध्ये नेऊन 'मॉड' दाखवली.

मॉड म्हणजे आमचं यंत्र. माणसाच्या दीडपट लांब, चिनी मातीची जाड नळी, उत्तर-दक्षिण आडवी. आत जड हायड्रोजन, तोही नावापुरता. भोवती कपॅसिटरच्या रांगा. साठवलेली सगळी वीज एका क्षणात नळीतून सोडली की वायू पेटतो आणि स्वतःलाच आवळत दोऱ्याएवढा बारीक होतो. याला आम्ही बार म्हणतो. त्याचा आवाज दोन शेतांपलीकडे जातो. ऑगस्टच्या शेवटी पहिल्यांदा बाराबरोबर न्यूट्रॉन मोजले गेले. डॉ. लाइल मार्गिकेतून धावत आले होते, बूट न घालता.

न्यूट्रॉन कशानं आले, यावर सगळं अवलंबून आहे. आतला वायू खरोखर सूर्यासारखा तापला आणि त्याचे कण एकमेकांत मिसळले, तर ती उद्याची वीज. समुद्राच्या पाण्यातून, कोळशाशिवाय, हजारो वर्षं पुरणारी. डॉ. लाइलनी त्या दोघांना तसंच सांगितलं. ते मोठ्यानं बोलत नाहीत. डोळे मिटून बोलतात, जणू आत काही वाचताहेत.

बार झाला की माझी नजर भिंतीकडे जाते. ही सवय मोडायला हवी.

४ नोव्हेंबर

डॉ. प्रॉसर आमच्या खोलीचे प्रमुख. वेल्सचे आहेत, खोकतात फार आणि चहात तीन चमचे साखर घालतात. आज त्यांनी नव्या कामाची जुळणी केली. नळीच्या उत्तर टोकाशी एक काचपट्टी, दक्षिण टोकाशी दुसरी. बार काढत राहायचं. न्यूट्रॉन पट्टीवरच्या लेपात शिरला की तिथल्या हायड्रोजनच्या केंद्राला धक्का मारतो आणि ते केंद्र बारीक काळी रेघ ओढत थोडं पुढे जातं. धक्का जितका जोराचा, तितकी रेघ लांब.

नोरानं विचारलं, दोन्हीकडे कशाला, एक पट्टी पुरे नाही का.

"जत्रेतली गर्दी पाहिलीयस?" प्रॉसर म्हणाले. "उन्हानं सगळेच तापले, तर घाम चारी दिशांना सारखा. पण चेंगराचेंगरी झाली आणि चार जण एकीकडे फेकले गेले, तर त्याला काय ऊन म्हणशील?"

मला कळलं. वायू खरा तापला असेल, तर दोन्ही टोकांच्या रेघा सारख्या. आवळलेला दोरा मध्येच पिळवटून तुटत असेल आणि त्या झटक्यात मूठभर कण वीज जाते त्या दिशेला भिरकावले जात असतील, तर त्या टोकाच्या रेघा लांब. म्हणजे न्यूट्रॉन खरे, पण सूर्य खोटा.

वीज उत्तरेकडे जाते.

२८ नोव्हेंबर

दोनशे दहा रेघा झाल्या. नोराच्या ऐंशी, बाकीच्या माझ्या.

संध्याकाळी खिडकीशी उभी होते. साळुंक्यांचे थवे धावपट्टीवरून येत होते. अकरावा थवा मोजताना माझ्या लक्षात आलं की मी मोजतेय. किती गेले होते ते माहीत नसताना किती आले ते मोजून काय करायचं?

१० डिसेंबर

उत्तर टोक: पासष्ट मायक्रॉन. दक्षिण टोक: पन्नास.

सारख्या असत्या तर दोन्हीकडे छप्पन्न-सत्तावन्न यायला हवं होतं.

प्रॉसरनी माझे कागद खिडकीपाशी नेऊन पाहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "माझी आई म्हणायची, ज्याला चांगली बातमी हवी त्यानं दार उघडू नये." त्यावर त्यांना इतका खोकला आला की खुर्ची धरावी लागली.

१३ डिसेंबर

प्रॉसरना फुप्फुसाचं दुखणं निघालं. कार्डिफच्या इस्पितळात नेलं, फेब्रुवारीपर्यंत तरी येत नाहीत. जाताना त्यांनी मला गाडीपाशी बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. एक, नव्या पट्ट्यांवरची नावं नोराला कागद चिकटवून झाकायला लावायची, म्हणजे कोणती उत्तरेची, कोणती दक्षिणेची हे मोजणाऱ्याला कळणार नाही. दोन, मोजून झाल्यावर कागद काढायचे आणि पुन्हा तसंच निघालं तर थेट लाइलकडे जायचं, प्रॉसरची वाट पाहायची नाही. मी हो म्हटलं.

२४ डिसेंबर

उपाहारगृहात नाताळचं पुडिंग होतं. डॉ. लाइल माझ्या शेजारी येऊन बसले. आजवर असे कधी बसले नव्हते. कागदी मुकुट कुणीतरी त्यांच्या डोक्यावर ठेवला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. म्हणाले, युद्धात ते अमेरिकेत वाळवंटात होते, तीन वर्षं, अणुबॉम्बच्या कामावर. घरी परतल्यावर बायको त्यांच्या हाताचं काही खात नसे. तसं बोलायची नाही, पण ताट सरकवायची. चार वर्षांपूर्वी ती वारली.

"एकदा तरी, मिस मार्फ्लीट," ते म्हणाले, "त्याच गणितातून काही दुसरं निघावं."

मग हळूच विचारलं, तुमच्या रेघा काय म्हणतात.

मी म्हटलं, अजून मोजतेय.

ते खरंच होतं. झाकलेल्या पट्ट्यांपैकी तीन बाकी होत्या.

६ जानेवारी १९५८

मोजणी संपली. चारशे बारा रेघा. नोरा घरी गेल्यावर मी कागद सोलले.

पासष्ट आणि पन्नास.

लेप सुकताना आक्रसतो, सगळीकडे सारखा आक्रसत नाही. दिव्याचा बल्ब पिवळा पडलाय. चारशे म्हणजे फार नव्हेत, प्रॉसर स्वतः हजाराशिवाय बोलत नाहीत. कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं. आणखी दोनशे मोजल्यावर बघू.

९ जानेवारी

डॉ. लाइलनी मार्गिकेत पुन्हा विचारलं. डोळे दुखतात म्हणून सांगितलं. दुखतात खरे.

भिंत पुन्हा ओली आहे. 'के'समोरच्या चौकोनात खडू पुसल्याची पांढरट छटा अजून दिसते. रंगाचे इतके थर चढवूनही. मी तिथे एकदा वेळ लिहिली होती, सहा वाजून दहा मिनिटं, आणि नंतर ओल्या फडक्यानं पुसली होती. दक्षिणेकडच्या तळावरून फोन आला होता: तुमचं एक विमान इंधन संपल्यामुळे इथे उतरलंय, माणसं सुखरूप. ते म्हणाले 'जिग', म्हणजे जे. मला ऐकू आलं 'किंग', म्हणजे के. लाइन खराब होती.

परवानगी नसताना मी सायकल काढली आणि तीन मैल जाऊन रेगच्या आईला सांगितलं. त्या बादली घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, रेग उतरलाय, दुसऱ्या तळावर आहे, काळजी करू नका. त्यांनी बादली खाली ठेवली. मी मागे वळून पाहिलं नाही, मला कामावर परतायचं होतं. दुपारी दोनला खरं कळलं.

लाइन खराब होती. असं रोज व्हायचं.

१७ जानेवारी, शुक्रवार

झालं एकदाचं. हँगरमध्ये साठ-सत्तर वार्ताहर, दिवे, वायरींचे ढीग. डॉ. लाइल लाकडी खोक्यावर उभे राहून बोलले. मॉडचा बार काढून दाखवला तेव्हा एका वार्ताहर बाईच्या हातातून पेन्सिल पडली आणि सगळे हसले. मग एकानं विचारलं, न्यूट्रॉन सूर्यासारख्या उष्णतेचेच कशावरून. डॉ. लाइलनी डोळे मिटले. म्हणाले, घरात शेगडी पेटलीय की नाही हे माणसाला हात लावल्याशिवायही कळतं.

गर्दीतून त्यांची नजर माझ्यावर आली. मी नोराशी काहीतरी बोलू लागले.

दारात मंत्रालयातला एक जण शेजारच्याला सांगत होता की रशियावाल्यांनी चंद्र ठेवावा, आम्ही सूर्य घेतला.

१९ जानेवारी, रविवार

हे नीट लिहायला हवं.

बाई चर्चमधून येताना वर्तमानपत्र घेऊन आल्या. टोपी न काढताच स्वयंपाकघरात बसल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. लिंकनशायरमध्ये माणसानं सूर्य केला. चर्चबाहेर सगळे त्यांनाच विचारत होते, तुमच्याकडे राहते ना त्यातली एक? पाद्रीबोवांनी तर प्रवचनात प्रयोगशाळेचं नाव घेतलं म्हणे. त्या धावपट्टीनं एवढ्या वर्षांत फक्त घेतलंच, असं ते म्हणाले, आता देतेय.

मग त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि विचारलं, "हिल्डा, हे खरं आहे का गं?"

मी बटाटे सोलत होते. मी म्हटलं, मोठ्या लोकांनी सांगितलंय म्हणजे असेल.

"मी त्यांना नाही विचारलं." त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "त्या दिवशी फाटकाशी मी तुझा चेहरा नीट पाहिलाच नाही. बातमी ऐकली आणि चेहऱ्याकडे लक्षच गेलं नाही. पाहिला असता तर असाच दिसला असता का, असं मनात येतं माझ्या."

माझ्या हातातला सुरा कुठे गेला ते मला आठवत नाही. मी विचारलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. कचेरीच्या चिठ्ठीत माझं नाव वाचलं तेव्हापासून. रेगच्या पत्रांत माझं नाव होतं. मनोऱ्यातली हिल्डा, जी पाव टाकून नुसत्या कडा खाते.

मी खूप काही बोलले. लाइन खराब होती, तेही बोलले. त्यांनी मला थांबवलं नाही. सगळं बोलून झाल्यावर मी म्हटलं, मला माफ करा.

"माफी कशाची मागतेस ते तरी तुला ठाऊक आहे का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "चूक ऐकलंस, त्याचं मला काही नाही. माणूस आहे, चुकतं. त्या दिवशी सकाळी मी बसच्या थांब्यावर गेले. तिथे आयव्ही रॅडली उभी होती, 'एल'वरच्या गनरची बायको. तिचं विमान आलं नव्हतं. बावीस वर्षांची पोर, पोटाशी हात घेऊन उभी. आणि मी तिला म्हटलं, माझा आला बघ, मी रोज देवापुढे गुडघे टेकत होते, फुकट नाही गेलं. असं म्हटलं मी तिला. म्हणजे तू टेकले नाहीस, असंच ना? माझ्या अंगात हर्ष मावत नव्हता, हिल्डा. संध्याकाळी तार आली. चौदा वर्षं झाली, रेगसाठी रडायला बसते आणि ती पोर आठवते."



"आणि तू," त्या म्हणाल्या. "चांगली बातमी घेऊन तीन मैल सायकल मारत आलीस. खोटी निघाली तेव्हा आली नाहीस. तारवाला आला. मी फाटकाशी दोन दिवस वाट पाहिली, की जिनं सांगितलं ती तरी येईल. तू यायला हवं होतंस."

त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली आणि उरलेले बटाटे स्वतः सोलले. आम्ही जेवलो. मांस थोडं करपलं होतं.

दुपारभर रेगच्या खोलीत बसून होते. आता लिहिते आहे, आणि इथे तरी खरं लिहावं. लाइन तितकी खराब नव्हती. थोडी खरखर होती. पलीकडचा माणूस एकदा म्हणाला आणि मी पुन्हा विचारलं नाही. नियम होता, अक्षर दोनदा वदवून घ्यायचं. बाकी सगळ्या विमानांच्या बाबतीत मी तो पाळला.

२० जानेवारी

सकाळी नऊला कपाट उघडलं, कागद घेतले आणि डॉ. लाइलच्या खोलीत गेले. टेबलावर तारा आणि अभिनंदनाच्या पत्रांचा ढीग होता. मी उभ्यानंच सांगितलं. झाकलेल्या पट्ट्या, चारशे बारा रेघा, पासष्ट आणि पन्नास.

त्यांनी विचारलं, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे.

"दहा डिसेंबरपासून संशय. सहा जानेवारीपासून खात्री."

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."

"हो."

मला वाटलं ते ओरडतील. ते उठून खिडकीशी गेले. मग परत येऊन त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला आणि एक लखोटा काढला. बाराच्या वेळी नळीतल्या विजेचा आलेख पडद्यावर उमटतो, त्याचे फोटो. प्रत्येक फोटोत ऐन आवळण्याच्या क्षणी रेघेला एक दात फुटलेला. झटका. दोरा तुटल्याचा. ऑक्टोबरपासून ते फोटो खणात होते. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: उपकरणातला दोष.

"मला ते तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो, तसंच वाटत होतं."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. कसं वाटतं ते मला माहीत आहे.

मग त्यांनी कागद ओढून घेतला आणि भराभर लिहू लागले, एखाद्या विद्यार्थ्यासारखे. नळीच्या जोडण्या उलट्या करायच्या. वीज दक्षिणेकडे सोडायची. रेघा लेपाच्या किंवा दिव्याच्या दोषानं लांब असतील, तर उत्तरेच्याच लांब राहतील. कण भिरकावले जात असतील, तर लांबी दक्षिणेला जाईल. तोवर बाहेर चकार शब्द नाही.

"आणि मोजणार तुम्हीच," ते म्हणाले.

मी विचारलं, माझ्यावर भरवसा कसा ठेवता.

त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, आता आपण दोघं एकमेकांवर लक्ष ठेवू.

१४ फेब्रुवारी

जोडण्या उलटायला तीन आठवडे लागले. तांब्याच्या पट्ट्या इतक्या जड की दोन माणसांच्या पाठी धरल्या. आज पहिला बार दक्षिणेकडे. आवाज तोच.

प्रॉसरचं इस्पितळातून पत्र आलं. एकच ओळ: तुम्ही दार उघडलंत, शाबास. त्यांना कुणी कळवलं ते ठाऊक नाही. मी कळवलं नव्हतं, लाज वाटत होती.

घरी बाई पूर्वीसारख्याच वागतात. त्यामुळे अधिक जड जातं. काल जिन्यावर त्यांची पावलं वाजली तेव्हा मी उठून दार उघडलं आणि उभी राहिले. का ते कळलं नाही. त्या इस्त्रीच्या चादरी घेऊन येत होत्या.

६ मार्च

पुन्हा चारशे रेघा, पुन्हा नावं झाकून. या वेळी कागद सोलले डॉ. लाइलनी, नोरा आणि मी बाजूला उभ्या.

उत्तर एकावन्न. दक्षिण चौसष्ट.

नोरा रडली. तिच्या वडिलांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. डॉ. लाइलनी आकडे तीनदा वाचले, मग नोराला आपला रुमाल दिला आणि मला विचारलं, प्रॉसरची मोजण्याची रीत एखाद्या नव्या माणसाला शिकवायला किती दिवस लागतात. ते स्वतः शिकणार आहेत म्हणे.

२२ एप्रिल

जानेवारीत साठ-सत्तर वार्ताहर आले होते. आज तिघं आले. मंत्रालयानं लेखी निवेदन पाठवून द्या, असं सुचवलं होतं. चार ओळी, त्याही तांत्रिक. डॉ. लाइलनी नकार दिला. मी आणि प्रॉसर (काठी घेऊन) त्यांच्या मागे उभे होतो.

या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. म्हणाले, न्यूट्रॉन आहेत, पण सूर्याचे नाहीत. दोरा पिळवटतो, तुटतो, त्या झटक्यात निघालेले आहेत. मी जे सांगितलं ते चूक होतं. आमच्याच खोलीतल्या मोजणीनं ते उघड झालं. तिघांतल्या एकानं विचारलं, मग ही नळी आता कशाच्या उपयोगाची. लाइल म्हणाले, दोरा का तुटतो ते शोधण्याच्या. त्यानं ते लिहून घेतलं नाही.

माणसं गेल्यावर ते बराच वेळ मॉडवर हात ठेवून उभे होते. मग प्रॉसरनी त्यांना चहाला नेलं.

२७ एप्रिल, रविवार

बातमी शेवटून दुसऱ्या पानावर आली होती, बोटभर. बाईंनी ती चष्मा लावून वाचली, दोनदा. चर्चला गेल्या नाहीत. वर जाऊन चांगला कोट घालून आल्या आणि म्हणाल्या, "मला बसनं गावात जायचंय. तूही चल."

गावात मागच्या गल्लीत लोकरीचं दुकान आहे. घर त्याच्या वर. दार उघडलं ते साधारण माझ्याच वयाच्या बाईनं. हातांना पीठ होतं. आत एक मुलगी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं.

मिसेस थर्ल्बींनी नमस्कार वगैरे केला नाही. दारातच म्हणाल्या, "आयव्ही, मी त्या दिवशी बसच्या थांब्यावर तुला जे बोलले, ते सांगायला आलेय की—"

 त्यांनी चांगल्या कोटाचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.  पिठाचे हात आयव्हीनं अंगापासून दूर धरले होते. ती विसरली असेल असं मला क्षणभर वाटलं. मग ती म्हणाली, "मला प्रत्येक शब्द पाठ आहे, मिसेस थर्ल्बी."

"असणारच," बाई म्हणाल्या.

पियानो थांबला. आतून मुलीनं विचारलं, कोण आहे.  आयव्ही एक पाऊल मागे सरली, जेमतेम, एक माणूस आत येईल इतकी.

"पाय पुसून या," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "आणि या कोण?"

मी नाव सांगणार होते. मी प्रयोगशाळेत काम करते, यांच्याकडे खोली घेतलीय, असं काहीतरी. बाई पायपुसण्यावर उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून.

"ही हिल्डा," त्या म्हणाल्या. "आमच्या रेगची."

त्यापुढे काही जोडलं नाही. मैत्रीण नाही, ओळखीची नाही. मीही काही दुरुस्त केलं नाही. त्यांच्यामागून पाय पुसले आणि आत गेले.